गोजरबाईची पिकअप आणि माळावरचा लांडगा

पन्नाशी ओलांडली की माणसं गुडघे चोळत ओट्यावर बसतात. गोजरबाई पन्नाशी ओलांडल्यावर गाडी चालवायला शिकली.

कर्जत तालुक्यातल्या एका उघड्या माळाच्या कडेला तिची वस्ती. चार घरं, दोन लिंबाची झाडं, शेळ्यांचा गोठा आणि पुढं नजर पोचेल तिथवर पिवळं कुसळी गवत. नवरा बिभीषण, स्वभावानं अगदी गरीब. कांदा आणि शेळ्या बाजारात न्यायला त्यानं एक जुनी पिकअप घेतली होती. पण मोतीबिंदूनं त्याची नजर अधू व्हायला लागली. एकदा तर रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाला माणूस समजून तो कितीतरी वेळ हॉर्न वाजवत उभा राहिला. शेजारी बसलेली गोजरबाई आधी पोट धरून हसली, मग दार उघडून खाली उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरका. आता मी बसते."

ती शिकली माळावरच, कारण तिथं धडकायला काही नव्हतं. तरी एकुलती एक बाभळ तिनं शोधून काढलीच. पुढचा दिवा फुटला, बाभळीची साल निघाली. बिभीषणाचा रंग उडाला, पण गोजरबाईचा उत्साह तसूभर कमी झाला नाही. परवान्याच्या परीक्षेला ती कर्जतला गेली तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, "मावशी, कुणाला घेऊन आलात?" ती म्हणाली, "गाडीला." आणि डोक्यावरचा पदर खोचून तिनं अशा सफाईनं गाडी मागं घेतली, की रांगेतली पोरं शिट्ट्या मारायला लागली.

तेव्हापासून गोजरबाई आणि वेग यांची जोडीच जमली. काष्टीचा बाजार असो, कुणाचं लग्न असो, वस्तीवरच्या बाया तिच्याच गाडीत चढायच्या. मागं हौद्यात उभ्या राहून, एका हातानं पदर आणि एका हातानं दांडी धरून, खड्डा आला की सगळ्या मिळून किंचाळायच्या आणि खड्डा गेला की हसायच्या. पुढं बिभीषण जीव मुठीत धरून बसलेला. त्याच्या पायाशी ब्रेक नव्हता, तरी तो सारखा पाय दाबायचा. तिथली चटई दाबून दाबून पार झिजली होती.

अशा सुखात चाललेल्या घरात त्या हिवाळ्यात लांडगा शिरला.

शिरला म्हणजे आधी शेजाऱ्याची कोकरं गेली. मग एका सकाळी गोजरबाईची चांदी गेली. चांदी म्हणजे तिची पांढरी पाठ, अजून न व्यालेली शेळी. आई बाळंतपणातच गेल्यानं गोजरबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती घरात यायची, चुलीपाशी झोपायची, बिभीषणाच्या ताटातली भाकरी ओढायची. गवतात तिच्या गळ्यातली घुंगरमाळ तेवढी सापडली. गोजरबाईनं ती ओच्यात घातली आणि दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. दुसऱ्या दिवशी रडणं संपलं आणि राग सुरू झाला.

रागाला वाट मिळाली हर्षलमुळं. हर्षल हा बिभीषणाचा पुतण्या, सुप्याच्या कारखान्यात कामाला. सुट्टीला घरी आला की मोबाईलमधलं जग वस्तीवर घेऊन यायचा.

"काकी, हे बग," त्यानं मोबाईल तिच्या नाकापुढं धरला. "तिकडं परदेशात बर्फावर गाड्या पळवत्यात. लांडग्याच्या मागं लागायचं, त्याला दमवायचं, दम तुटला की सरळ अंगावर गाडी. काही ठिकानी तर कायद्यानंच मुभा हाय म्हनं!"

गोजरबाईनं बघितलं. "आपल्याकडं बर्फ कुठं हाय?"

"बर्फ न्हाई, पन माळ तर हाय! ना झाड ना झुडूप. लपनार कुठं? आन् तुज्यासारखी डायवर तिकडं तरी कुनी हाय का?"

या शेवटच्या वाक्यानं घात केला. चांदीचं दुःख खरं होतं, राग खरा होता. पण सगळा माळ मोकळा, समोर पळणारं काहीतरी आणि पायाखाली गाडी, या विचारानं गोजरबाईच्या अंगात जी शिरशिरी आली ती रागाची नव्हती. ती निव्वळ हौस होती.

बिभीषण म्हणाला, "अगं, नको. जनावर हाय ते."

"माजी चांदी बी जनावरच हुती," गोजरबाई म्हणाली, आणि किल्ली फिरवली.

सकाळचं कोवळं ऊन गवतावर पडलं होतं. हौद्यात हर्षल आणि त्याचे दोस्त काठ्या घेऊन चढले. एकानं घरातली परात आणली होती, वाजवायला. बिभीषण नको नको म्हणत शेवटी शेजारी येऊन बसला, कारण बायकोला एकटी सोडायला त्याचं मन धजेना. मांडीवर त्यानं भाकरीचा डबा घेतला होता. शिकारीला डबा कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

लांडगा टेकाडाच्या उतारावर ऊन खात उभा होता. गवताच्याच रंगाचा, किरकोळ अंगाचा, लांब पायांचा. परात वाजली तसा तो वळला, एकदा बघितलं आणि पळायला लागला.

आणि गोजरबाईनं गाडी सोडली!

काय तो माळ, काय ती गाडी! गवताचे तुरे काचेवर आपटत होते, धुळीचा लोट मागं उसळत होता, हौद्यातली पोरं एकमेकांवर पडत होती, परात केव्हाच खाली पडून एकटीच घरंगळत निघाली होती. लांडगा पुढं सरळ पळायचा, मध्येच झपकन बाजूला वळायचा. गोजरबाई स्टिअरिंग फिरवायची आणि सगळा हौदा "आई गं" करत एका बाजूला जायचा. एक दोस्त वळणावर उडून गवतात बसला तो बसलाच. कुणाच्या लक्षातही आलं नाही. गोजरबाई हसत होती. तोंड उघडून, मान मागं टाकून, लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावर हसली असेल तशी. मधूनच "हुर्रर्र!" करत होती. पदर डोक्यावरून कधी गेला ते तिला कळलं नाही.

"हळू! अगं हळू!" बिभीषण झिजल्या चटईवर दोन्ही पाय रोवून ओरडत होता.

"तो कुठं हळू पळतोय?" गोजरबाई ओरडली.

एकदा तर लांडगा इतका जवळ आला की त्याच्या तोंडातून लोंबणारी जीभ तिला दिसली. त्यानं मान वळवून मागं बघितलं. तिच्या मनात काहीतरी हललं. पण पाय तसाच दाबलेला राहिला.

मग पुढचं गवत एकाएकी संपलं. पाणलोटाच्या कामात माळावर आडवे चर खोदले होते. लांडग्यानं चर असा ओलांडला, जणू तिथं चर नव्हताच. पिकअपला ते जमलं नाही. पुढची चाकं धाडकन चरात गेली, मागची हवेत उचलली गेली, डबा उघडून भाकऱ्या बिभीषणाच्या अंगावर पसरल्या, आणि सगळं गप्प झालं.

त्या शांततेत मागून स्कूटरचा आवाज आला.

स्कूटरवर होती अश्विनी, त्या भागातली वनरक्षक. खाकी कपडे, पाठीला सॅक, वेणी धुळीनं पांढरी झालेली. जामखेडकडची पोर, नोकरीत नवी, पण माळ पायाखाली घातलेला. तिला कुणी खबर दिली, हा प्रश्नच नव्हता. हर्षलनं ही सगळी मोहीम मोबाईलवरून लाईव्ह दाखवली होती, आणि बघणाऱ्यांत अश्विनीही होती.

खाकी दिसल्याबरोबर हौद्यातून धपाधप उड्या पडल्या. पोरं चराच्या कडेला माजलेल्या वेड्या बाभळीच्या झुडपांत दिसेनाशी झाली. गाडीपाशी दोघंच उरली: स्टिअरिंगमागं गोजरबाई आणि भाकऱ्या गोळा करणारा बिभीषण.

"मावशी, खाली उतरा," अश्विनी म्हणाली. "लागलं का कुठं?"

"न्हाई."

"मग ऐका. तुम्ही शिकार केलीय."

गोजरबाईनं रिकाम्या माळाकडं बघितलं. "कुठं केली? एक केस बी हाताला लागला न्हाई त्याचा!"

"कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. फासा लावणं, विष घालणं, हाकलणं, पाठलाग करणं ही सगळी शिकार. आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न केला तरी शिकारच. लांडग्याला कायद्यानं वाघाइतकं जपलंय, मावशी. अशा गुन्ह्यात तुरुंग आहे. आणि गाडी आत्ताच जप्त करावी लागेल."

"पन हर्षल म्हनला, परदेशात चालतं..."

"तिकडं काय चालतं ते तिकडं. इथं चालत नाही. पायी मागं लागला असतात तरी गुन्हाच होता. पण पायी पळणारं माणूस दमतं, थांबतं. तेवढ्यात जनावर सुटतं. गाडी दमते का कधी?"

गोजरबाईनं पदर परत डोक्यावर ओढला. तेवढ्यात बिभीषण भाकऱ्या छातीशी धरून पुढं आला. "बाईसाहेब, गाडी माज्या नावावर हाय. गुन्हा माजा."

"यांना समोरचा दगड दिसत न्हाई, लांडगा काय दिसनार?" गोजरबाई उसळली. "चाक माज्या हातात हुतं. गुन्हा माजाच."

"मी डबा घेऊन बसलो हुतो. म्हंजे सामील हुतो."

"डब्यानं कुनी शिकार करतं का? गप बसा तुमी!"

लग्नाला इतकी वर्षं झालेलं हे जोडपं गुन्ह्याच्या मालकीवरून भांडत होतं. अश्विनीनं पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते. परत वळली तेव्हा चेहरा पुन्हा सरकारी झाला होता.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. पलीकडून छबूबाई बोलत होत्या, माळाच्या दुसऱ्या अंगाला राहणाऱ्या. आवाज इतका मोठा की तिघांनाही ऐकू आला. "लांडगा आमच्या हिरीत पडलाय! पळत आला आन् सरळ आत! लोकं धोंडं घेऊन जमल्यात, लवकर या!"

गोजरबाईचा चेहरा उतरला. ती लांब जीभ, ते वळून बघणं तिच्या डोळ्यांपुढं आलं. "माज्यामुळं पडलं ते," ती हळूच म्हणाली. "पोरी, चल. गाडी नंतर जप्त कर."

"गाडी जप्त झालेली आहे," अश्विनी म्हणाली. "पण मला फक्त स्कूटर येते. चालवणार कोण?"

"मीच की!"

आधी गाडी चरातून काढायला हवी होती. अश्विनीनं झुडपांकडं तोंड करून आवाज दिला, "हर्षल! सगळ्यांची तोंडं तूच मोबाईलवर दाखवलीस. आता लपून काय उपयोग? बाहेर या आणि गाडी उचला!" झुडपं हलली. एकेक वीर बाहेर आला, सदऱ्याला काटे, केसांत कुसळं. हर्षल तर दोन्ही हात मागं धरून चालत होता. काटे कुठं घुसले होते ते सांगायची सोय नव्हती. सगळ्यांनी जोर लावला, गोजरबाईनं मागचा गिअर टाकला, आणि गाडी माती उडवत वर आली.

मग जप्त झालेली पिकअप निघाली. स्टिअरिंगवर आरोपी, शेजारी वनरक्षक, मागं बाकीचे आरोपी. वेगाबद्दल काय सांगावं? अश्विनीनं एका हातानं वरची कडी धरली आणि दुसऱ्या हातानं मोबाईलवर साहेबांना सगळं सांगितलं. मागच्या काचेला नाक लावून बिभीषणानं बघितलं, तर सरकारचा पायही झिजल्या चटईवर ब्रेक शोधत होता. त्याला फार बरं वाटलं.

छबूबाईंची विहीर जुनी, बिनकठड्याची. काठावर गर्दी. कुणी दगड उचलले होते, कुणी मोबाईल. खाली हिरव्या पाण्याच्या कडेला, दगडाच्या कपारीला पुढचे पाय लावून लांडगा लोंबकळत होता. अंग भिजून निम्मं झालेलं. मधूनच पाय सुटायचे, तो पाण्यात जायचा, परत वर यायचा. मघाशी माळ खाऊन टाकणारं जनावर, आता भिजल्या कुत्र्यासारखं दिसत होतं.

"मागं सरका!" अश्विनी ओरडली. "दगड मारील त्याच्यावरही हाच गुन्हा!"

गर्दी पुरती हलली नाही. मग गोजरबाईनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. कानात बोटं घालून माणसं मागं सरकली.

साहेब माणसं आणि जाळी घेऊन निघाले होते, पण तोवर लांडगा तग धरणार नव्हता. छबूबाईंनी घरातली बाज आणली. अश्विनीनं तिच्या चारही पायांना दोर बांधले, सगळे एकत्र करून मोठा दोर पिकअपच्या मागच्या हुकाला अडकवला. गाडी विहिरीकडं पाठ करून उभी राहिली. पोरांनी बाज हळूहळू पाण्यात सोडली. लांडग्यानं आधी तिला बघून दात विचकले. मग पाय सुटले, तो बुडाला, वर आला, आणि नाइलाजानं बाजेवर चढून अंगाची मोळी करून बसला.

"मावशी, आता पुढं," अश्विनी म्हणाली. "पण अगदी सावकाश. झटका बसला तर संपलं."

गोजरबाईनं आयुष्यात कधी एवढ्या सावकाश गाडी चालवली नव्हती. क्लच तिनं केसाकेसानं सोडला. कपाळावरचा घाम भुवईत उतरला तरी पुसायला हात सोडवेना. बिभीषण काठाशी पोटावर झोपून, दिसेल तेवढं बघून सांगत होता, "घे... घे... आजून थोडं..." तिला मागचं काही दिसत नव्हतं, तिनं सगळा जीव त्याच्या आवाजात ठेवला होता. ज्या माणसाला ती जन्मभर गप बसा म्हणाली, त्याच्या एकेका शब्दावर आज तिची चाकं फिरत होती.

बाज काठाच्या वर आली. लांडगा उठून उभा राहिला. पळायच्या आधी त्यानं अंग असं काही झाडलं, की शेवाळ्याचं पाणी बिभीषणाच्या, अश्विनीच्या आणि छबूबाईंच्या अंगावर पावसासारखं उडालं. मग उडी मारून तो पिकअपच्या अगदी जवळून, गोजरबाईच्या दाराला घासून गेला आणि गवतात विरघळला.

मग टाळ्या सुरू झाल्या. दगड घेऊन आलेलेही टाळ्या वाजवत होते. त्यासाठी दगड आधी खाली टाकावे लागले. गोजरबाई स्टिअरिंगवर डोकं टेकून एकाच वेळी हसत आणि रडत होती. "चांदे, माफ कर गं," ती म्हणाली. "तुला खाल्लेल्याला मीच वर काढलं."

"वाचवलंत ते चांगलं केलंत," अश्विनी चेहरा पुसत म्हणाली. "पण गुन्हा तसाच राहतो."

"राहू दे की. मी कुठं न्हाई म्हनतेय?"

मग पिकअप कर्जतच्या वन कार्यालयात पोचली. खरी गंमत वाटेत झाली. मागं बिनकाठ्यांची पोरं, बाज, शेवाळ्यानं हिरवा झालेला बिभीषण आणि पुढं खाकीतली पोर. हे बघून वाटेतल्या गावांना ही कसली तरी मिरवणूक वाटली. एका चौकात कुणी गाडी थांबवून गोजरबाईला गुलालही लावला. कार्यालयात साहेबांपुढं ती कपाळाला गुलाल लावूनच उभी राहिली आणि जबाबात सगळं खरं सांगितलं. हर्षलचा मोबाईल पुरावा म्हणून जमा झाला. सगळ्यांचे जामीन झाले. गाडी आवारात राहिली.

पुढचे महिने गोजरबाईनं एसटीनं काढले. ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसून ती त्याला वळणं सांगायची, इतकी की दोन ड्रायव्हरांनी वाहकाला विनंती केली, या मावशींना मागं बसवा. गोठ्याला अश्विनीनं सांगितलं तशी उंच जाळी लागली, वर पत्रा आला, नुकसानीचा अर्ज कुठं करायचा तेही तिनं सांगितलं. लांडगा माळावर होता. पण शेळ्यांपाशी काही पुन्हा आला नाही.

गाडी परत मिळावी म्हणून कोर्टात अर्ज झाला. वकिलांनी गोजरबाईला बजावलं, "तुम्ही तोंड उघडायचं नाही." तिला आजवर एवढी कडक अट कुणी घातली नव्हती. न्यायाधीश बाईंनी तो व्हिडिओ बघितला. गाडी, धूळ, लांडगा, आणि सगळ्यावर पसरलेला तो आवाज. "हे हसतंय कोण?" त्यांनी विचारलं.

वकिलांनी डोळे मिटून घेतले.

"मीच, बाईसाहेब," गोजरबाई उभी राहिली. "लई हसले. हिरीपाशी गेल्यावर हसू थांबलं."

कोर्टात कुणीतरी खाकरलं. न्यायाधीश बाईंनी कागदात मान घातली ती जरा जास्तच वेळ वर केली नाही. गाडी अटींवर परत मिळाली: बोलावलं की हजर करायची, विकायची नाही, माळावर उतरवायची नाही. खटला अजून चालू आहे. काय लागेल ते लागेल. गोजरबाई तारखेला हजर असते, नवी साडी नेसून.

गेल्या उन्हाळ्यात अश्विनीचं लग्न खर्ड्याला झालं. वस्तीला आमंत्रण होतं. आरोपीनं साक्षीदाराच्या लग्नाला जावं का, असं गोजरबाईनं वकिलांना फोन करून विचारलं. वकिलांनी तिला तो प्रश्न पुन्हा एकदा विचारायला लावला. "जा," ते शेवटी म्हणाले, "पण केसबद्दल एक अक्षर बोलू नका."

ती एक अक्षर बोलली नाही. बायांनी भरलेली पिकअप घेऊन गेली, रस्त्यानंच गेली, आणि वरातीत बँडपुढं अशी नाचली की वाजवणारे थकले. बिभीषणाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा लावून, दोन्ही हातांत तिच्या चपला धरून तो कडेला उभा होता आणि शेजारच्या अनोळखी पाहुण्याला सांगत होता, "ती मधली. हिरव्या लुगड्यातली. आमची हाय."